परदेशातून आलेल्या प्रवाळाचे पहिले सहा आठवडे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे तुम्हालाच कळेल. राजारामपुरीतील तुमच्या घरी चार फुटी, सुमारे २५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आठ महिन्यांपासून चालू आहे आणि तिच्यातील मासे ठणठणीत आहेत. महिन्यापूर्वी तुम्ही मुंबईच्या एका आयातदाराकडून इंडोनेशियाहून आलेली काही प्रवाळे मागवलीत: एक टोडस्टूल लेदर, झोअँथिडच्या दोन वसाहती, तीन मश्रूम, एक झेनिया आणि एक हॅमर. झेनिया चौथ्या दिवशी अक्षरशः विरघळले. मग तुम्ही दिव्याची तीव्रता वाढवली, अमिनो अ‍ॅसिडची बाटली सुरू केली आणि एका रविवारी ४० टक्के पाणी बदलले. त्यानंतर झोअँथिडची एक वसाहत गेली, टोडस्टूल मिटून मेणचट दिसू लागले आणि आता हॅमरच्या एका डोक्यावर (फांदीच्या मांसल टोकावर) तपकिरी, शेंबडासारखा थर आला आहे. पाण्याच्या चाचण्या मात्र तुमच्या मते निर्दोष आहेत: घनता १.०२५, तापमान २८ ते २९ अंश, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण) ११ डीकेएच (ते मोजण्याचे एकक). यावर कोणते औषध घालावे आणि दिवा आणखी वाढवावा का, असे तुम्ही विचारले आहे.

हॅमरचे काम आजच करायचे आहे, म्हणून ते आधी सांगतो. हौशी मंडळी या विकाराला ब्राउन जेली म्हणतात. त्या थरात ऊती खाणारे सूक्ष्म एकपेशीय जीव मोठ्या संख्येने सापडतात आणि एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाण्यास त्यांना कधी कधी एक रात्र पुरते. वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंखा) आणि पंप बंद करा, एअर पंपाच्या बारीक नळीने तो थर बादलीत ओढून घ्या आणि ते पाणी परत टाकीत टाकू नका. तुमचे हॅमर फांद्यांचे असेल, तर बाधित डोक्याची फांदी खाली जिथे उघडा पांढरा सांगाडा दिसतो तिथे कापून वेगळी करा. प्रवाळ कापण्याचे खास कटर नसेल तर उद्यमनगरात मिळणारा चांगला, नवा, तेल पुसून स्वच्छ केलेला साइड कटर चालतो. मात्र फांदी चिरडली जाता कामा नये. उरलेली डोकी आयोडीनयुक्त डिपमध्ये (औषधी द्रावणात) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि लिहिलेल्या वेळेपुरतीच बुडवा आणि शक्य असल्यास वेगळ्या भांड्यात ठेवा. हॅमर भिंतीसारखे सलग असेल तर वाचण्याची शक्यता कमी असते, हे आताच सांगून ठेवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गेली १६ वर्षे मी कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगली या भागांत लोकांच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची देखभाल करतो, आणि ‘सगळे आकडे बरोबर आहेत, तरी नवे प्रवाळ मरते’ ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. बहुतेक वेळा मरणाचे बीज प्रवाळ तुमच्या दारात येण्यापूर्वीच पडलेले असते. समुद्रातून किंवा समुद्रातील लागवडीच्या चौकटीवरून काढलेले प्रवाळ निर्यातदाराच्या गोदामात काही दिवस राहते, मग प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन विमानात चढते, विमानतळावर कागदपत्रांच्या तपासणीसाठी थांबते, आयातदाराच्या टाकीत येते आणि तिथून पुन्हा पिशवीत बंद होऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने कोल्हापूरला पोहोचते. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा प्रकाशापासून तयार करून देतात. पिशवीत अंधार असतो, त्यामुळे हा पुरवठा थांबतो; श्वसन मात्र चालूच राहते, प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि प्रवाळ स्वतःच्या साठ्यावर जगते. असा प्रवास दोनदा तीनदा झाल्यावर जो जीव तुमच्या हाती येतो, त्याच्याकडे चुका सोसण्याइतकी शिल्लक नसते.

म्हणूनच दिवा वाढवणे, पोषक द्रव्य घालणे आणि पाणी मोठ्या प्रमाणात बदलणे या तिन्ही गोष्टी, ज्या एखाद्या जुन्या, रुळलेल्या प्रवाळाने सहज पचवल्या असत्या, त्या तुमच्या नव्या प्रवाळांना जड गेल्या. तापातून उठलेल्या माणसाच्या ताटात आपल्याकडे कोणी तांबडा रस्सा वाढत नाही. आधी पेज देतात. तुम्ही आठवड्याभरात तीन बदल केलेत आणि तिन्ही रश्श्याच्या जातीचे होते.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग मोठा आहे, हे मान्य करतो. आयातदाराने प्रवाळे आपल्याकडे तीन आठवडे ठेवून मग विकली, की विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पुढे पाठवली, यावर निम्मा निकाल ठरतो. जातीवरही पुष्कळ अवलंबून आहे. मश्रूम जवळपास काहीही सोसतात. तुमचे तिन्ही मश्रूम जिवंत आहेत यात मला आश्चर्य वाटत नाही. झेनिया रुळले की तणासारखे माजते, पण प्रवासात त्याच्याइतके नाजूक दुसरे मऊ प्रवाळ मी पाहिलेले नाही. तेव्हा झेनियाच्या मरणाबद्दल स्वतःला फारसा दोष देऊ नका. त्या मरणाला घाबरून नंतर जे केलेत, त्याची चर्चा मात्र करायला हवी.

तुमच्या आकड्यांपैकी मला सर्वांत जास्त खटकतात ते दोन शून्य. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य असणे म्हणजे पाणी शुद्ध असणे, असा समज आपल्याकडे गोड्या पाण्यातील मत्स्यपालनातून आला आहे. प्रवाळाच्या ऊतींतील शैवालांना वाढण्यासाठी नत्र आणि स्फुरद लागते, जसे उसाला लागते. ते नसताना त्यांच्यावर प्रखर प्रकाश टाकला, तर प्रकाश वापरणारी यंत्रणा दुरुस्त करण्याचे सामान त्यांच्याकडे उरत नाही आणि प्रवाळ शैवालांना बाहेर टाकून पांढरे पडते. मी नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम यांच्या दरम्यान ठेवतो. ते वाढवण्यासाठी बाटली घेऊ नका. फॉस्फेट शोषणारे माध्यम लावले असेल तर काढा, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) रात्री काही तास बंद ठेवा आणि माशांना थोडे जास्त खाऊ घाला. दोन ते तीन आठवड्यांत आकडे हलू लागतात.

अल्कलिनिटी ११ हा आकडा एकटा वाईट नाही. समुद्रात ती ७ च्या आसपास असते आणि पोषक द्रव्यांनी भरलेल्या टाकीत ११ वरही प्रवाळे छान वाढतात. पण पोषक द्रव्ये शून्य आणि अल्कलिनिटी ११ ही जोडी, त्यावर पुन्हा वाढवलेला दिवा, हे समीकरण नव्या प्रवाळासाठी मला नको असते. बहुधा तुमचे मीठच जास्त अल्कलिनिटीचे आहे. बाजारातील काही रीफ सॉल्ट मिसळल्यावर ११ ते १२ डीकेएच दाखवतात. पुढच्या वेळी ७ ते ८ दाखवणारे मीठ घ्या आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलून ती हळूहळू ८ च्या जवळ येऊ द्या. आम्ल घालून ती एका दिवसात खाली आणू नका. तापमानही २५ ते २६ अंशांवर आणा. २९ अंशांना प्रवाळ लगेच मरत नाही, पण त्याची ऊर्जा जास्त खर्च होते, पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि सडवणारे जिवाणू जोमाने वाढतात.

घनता तुम्ही काट्याच्या हायड्रोमीटरवर मोजता असे दिसते. त्या काट्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. केवळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवले तर ३५ जवळ तो चुकू शकतो. मी पैज लावणारा माणूस नाही, पण तुमचे १.०२५ प्रत्यक्षात १.०२३ निघाले तर मला नवल वाटणार नाही.

तुम्ही मीठ मिसळण्यासाठी स्वयंपाकघरातील आरओचे पाणी वापरता, असे ओझरते लिहिले आहे. इथे जरा थांबू. घरगुती आरओमध्ये पाण्याला चव यावी म्हणून थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते, त्यामुळे त्याचे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ४० ते ८० च्या घरात राहते, आणि पावसाळ्यात नळाचे पाणी गढूळ येऊ लागले की फिल्टर लवकर चोंदतात. पण याहून मोठा धोका तांब्याच्या काडतुसाचा आहे. हल्ली अनेक आरओ यंत्रे पाण्यात मुद्दाम तांबे सोडतात आणि ते जाहिरातीत गुण म्हणून सांगतात. तांब्याच्या भांड्यातील पाणी आपल्याकडे आरोग्यदायी मानले जाते. गोगलगाय, कोळंबी आणि प्रवाळ यांच्यासाठी मात्र तांबे हे अत्यल्प मात्रेतही विष आहे. इचलकरंजीच्या माझ्या एका ग्राहकाच्या टाकीत दिवाळीनंतर आधी गोगलगायी तळाशी पडल्या, मग कोळंबी दिसेनाशी झाली आणि महिन्याभराने झोअँथिड मिटले. दोन भेटींत मला काहीच सापडले नाही. तिसऱ्या भेटीत चहा घेताना ओट्यावरचे नवे यंत्र दिसले. दिवाळीची खरेदी होती. तांबे शोषणारे रेझिन, ताजा कार्बन आणि सात आठवडे पाण्याचे छोटे बदल, एवढे केल्यावर ती टाकी सावरली. आज घरी गेल्यावर तुमच्या यंत्राचे माहितीपत्रक वाचा. तांबे असो वा नसो, प्रवाळांसाठी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडलेली वेगळी लहान आरओ जोडणी घ्या, जिचे टीडीएस शून्य येते.

आता पुढचा लॉट येईल तेव्हा काय करावे, ते सांगतो. माझ्या पद्धतीत सर्वांत आधी पिशवीतील पाण्याची क्षारता मोजली जाते. मीठ महाग पडते आणि कमी क्षारतेत माशांचे परजीवी आटोक्यात राहतात, म्हणून काही विक्रेते टाक्या १.०२१ च्या आसपास चालवतात. तिथून आलेले प्रवाळ थेट १.०२६ मध्ये टाकले, तर त्याच्या पेशींतून पाणी ओढले जाते. थेंबाथेंबाने तासभर पाणी मिसळण्याची सर्वांना ठाऊक असलेली पद्धत इथे अपुरी पडते आणि तिला दुसरीही एक अडचण आहे. बंद पिशवीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली आलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडल्यावर वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात प्रवाळाला तासभर ठेवणे मला पटत नाही. म्हणून मी क्वारंटाइन टाकीची (नव्या प्रवाळांसाठीच्या वेगळ्या टाकीची) क्षारताच पिशवीच्या पाण्याएवढी करून ठेवतो, पिशवी २० मिनिटे तरंगवून तापमान जुळवतो, प्रवाळ सरळ टाकीत घेतो आणि मग क्षारता चार दिवसांत सावकाश वर आणतो. यासाठी विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून आकडा विचारावा लागतो. जो विक्रेता तो सांगू शकत नाही, त्याच्याकडून मी माल घेत नाही.

क्वारंटाइन टाकीचे नाव काढले की लोक खर्चाची धास्ती घेतात. ६० लिटरची वाळू नसलेली काचेची टाकी, मुख्य टाकीच्या समपमध्ये (टाकीखालच्या पाणी गाळण्याच्या भांड्यात) महिनाभर ठेवून जिवाणू बसवलेला एक स्पंज, एक हीटर, एक लहान वेव्हमेकर, मंद दिवा आणि प्रवाळे ठेवायला प्लास्टिकची जाळी, एवढेच लागते. त्या टाकीत पूर्वी कधीही तांब्याचे औषध घातलेले नसावे, कारण त्याचा अंश टाकीत मागे राहू शकतो. प्रवाळे तिथे किमान सहा आठवडे राहतात. तुमचे मासे मौल्यवान असतील तर अडीच महिने ठेवा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी प्रवाळाच्या बुडाशी असलेल्या दगडावर किंवा प्लगवर (प्रवाळ चिकटवलेल्या छोट्या बैठकीवर) कवच करून बसतो आणि मासा न मिळाल्यासच संपतो.

डिप, म्हणजे कीड काढण्यासाठी दिलेली औषधी अंघोळ, कधी द्यावी याबद्दल अनुभवी लोकांतही मतभेद आहेत. पुष्कळ जण प्रवाळ आल्याबरोबर देतात. वेगळी टाकी नसेल तर तेच योग्य, कारण दुसरी संधी मिळत नाही. पण वेगळी टाकी असताना, प्रवासाने गळालेल्या प्रवाळाला मी आधी एक दिवस अंधारात स्वस्थ पडू देतो आणि दुसऱ्या दिवशी डिप देतो. टाकीचेच पाणी आणि त्याच तापमानाचे द्रावण घ्यावे, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ५० मिलीच्या सिरिंजने प्रवाळाच्या खाचांतून जोरात पाणी मारावे आणि खाली काय पडते ते पांढऱ्या टबात पाहावे. डिपने अंडी मरत नाहीत, हे मात्र पक्के लक्षात ठेवा. म्हणूनच दर पाच ते सात दिवसांनी ती पुन्हा द्यावी लागते, अशी तीन ते चार वेळा, आणि दर वेळी प्लगची खालची बाजू भिंगाने पाहून अंडी नखाने किंवा सुरीने खरवडून काढावी लागतात.

तुमची जी झोअँथिडची वसाहत गेली, तिच्याबद्दल मला कीडीचा संशय आहे. झोअँथिड खाणाऱ्या कवचहीन गोगलगायी ज्या रंगाचे झोअँथिड खातात त्याच रंगाच्या होतात, त्यामुळे दिवसा दिसतच नाहीत. गोल जिन्यासारखा शंख असलेली सनडायल गोगलगाय रात्री बाहेर येते. २०१४ च्या सुमारास मी स्वतः असा एक शंख ‘सुंदर आहे, राहू दे’ म्हणून टाकीत ठेवला होता आणि दोन महिन्यांत हिरव्या झोअँथिडची हाताएवढी वसाहत गमावली. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन उरलेली वसाहत पाहा.

झोअँथिडबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती प्रवाळाच्या नव्हे तर तुमच्या जिवाची आहे. या गटातील काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय ती कापू किंवा घासू नका, आणि त्यांनी व्यापलेला दगड कधीही उकळू नका किंवा त्यावर उकळते पाणी ओतू नका, कारण वाफेबरोबर विष श्वासात जाऊ शकते. पूर्वी मी एकदा चष्म्याशिवाय दगड घासताना डोळ्यात एक थेंब उडवून घेतला. लगेच धुऊनही डोळा चार दिवस उघडत नव्हता. अशा कामानंतर धाप लागली, तोंडाला धातूसारखी चव आली किंवा अंग दुखू लागले, तर थेट रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना प्रवाळाच्या विषाचे नाव सांगा, कारण ते त्यांच्या रोजच्या पाहण्यातले नसते.

आता दिव्याबद्दल. तुमची सर्वांत महागात पडलेली चूक ही आहे आणि ती करणारे तुम्ही पहिले नाही. प्रवाळ मिटले की माणसाला वाटते, त्याला उजेड कमी पडतो आहे. पण ज्या प्रवाळाने आठवडाभर अंधार आणि नंतर आयातदाराच्या टाकीतील मंद उजेड पाहिला आहे, त्याच्या शैवालांनी कमी उजेड पकडण्यासाठी आपले रंगद्रव्य वाढवलेले असते. आपल्याला ते प्रवाळ तपकिरी दिसते. अशा शैवालांवर अचानक प्रखर प्रकाश टाकला, तर त्यांना वापरता येईल त्यापेक्षा जास्त ऊर्जा आत शिरते, पेशींना इजा करणारे प्राणवायूचे क्रियाशील रेणू तयार होतात आणि प्रवाळ या धोकादायक पाहुण्यांना बाहेर काढते. भुकेलेले असूनही स्वयंपाक्याला घराबाहेर काढण्यासारखा हा प्रकार आहे. आतून रंगद्रव्य बदलून नव्या उजेडाशी जुळवून घेण्यास शैवालांना काही आठवडे लागतात. ते काम घाईने उरकत नाही.

ज्यांच्याकडे पार मीटर (शैवालांना वापरता येणारा प्रकाश मोजणारे यंत्र) आहे त्यांनी पहिल्या आठवड्यात ५० ते ८० पार ठेवावे. तुमच्याकडील मऊ प्रवाळांना पुढे १०० ते १५० पुरते आणि मश्रूम ५० वरही सुखी असतात. मीटर नसेल तर मोबाईलमधील लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका, कारण निळ्या एलईडी उजेडात त्याचे आकडे दिशाभूल करतात. दिवा रुळलेल्या प्रवाळांसाठी ज्या टक्क्यांवर चालतो त्याच्या निम्म्यावर आणा, नवी प्रवाळे तळाशी ठेवा आणि दर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका. तुम्ही वाढवलेला दिवा आज रात्रीच निम्म्यावर आणा. उजेड कमी करताना हळूहळू जाण्याची गरज नाही. नंतर तो वाढवताना प्रवाळाच्या वरच्या भागाचा रंग फिका पडू लागला तर थांबा आणि दोन आठवडे तिथेच राहा.

खाद्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या दोन आठवड्यांत काहीही देऊ नका, अमिनो अ‍ॅसिडही नको. त्या बाटलीतून मिळणारे पोषण आजारी प्रवाळाआधी जिवाणू खातात आणि तुम्ही नेमके हॅमरवरच्या थराला खतपाणी घालता. नंतर आठवड्यातून एकदा अगदी बारीक खाद्य पुरे आहे.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: हॅमरची बाधित फांदी आज वेगळी करा, दिवा निम्म्यावर आणा, अमिनो अ‍ॅसिड थांबवा, तापमान २६ च्या आत आणा, आरओमध्ये तांबे आहे का ते पाहा, आणि यानंतर चार आठवडे नवा कोणताही बदल करू नका. ‘काहीही न करणे’ हे या यादीतील सर्वांत अवघड काम आहे. माझे बहुतेक ग्राहक तिथेच नापास होतात.

कोल्हापुरात राहण्यामुळे काही गोष्टी वेगळ्या होतात, त्यांचाही विचार करावा. मुंबईहून येणारा खोका रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीत असतो. मे महिन्यात डिकी तापते, तर डिसेंबरच्या पहाटे कावळा नाक्यावर उतरवून ठेवलेला खोका अर्ध्या तासात गार पडतो. जाड थर्मोकोलचा खोका मागा, चिकटपट्टीने बंद केलेला, आणि स्वतः पहाटे जाऊन घ्या. ‘दुकान उघडले की पाठवतो’ यावर राहू नका. माझ्या मते मागणीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जुलै आणि ऑगस्टमध्ये मी काहीच मागवत नाही. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली, तेव्हा माझा एक खोका वाटेतच अडकला. परत हाती आला तो उघडण्याच्या लायकीचा नव्हता. २०२१ मध्ये तोच रस्ता पुन्हा बंद झाला.

पावसाळ्यात वीज जाते, आणि लहान क्वारंटाइन टाकीतील प्राणवायू मोठ्या टाकीपेक्षा खूप लवकर संपतो. घरच्या इन्व्हर्टरवर दिवा किंवा हीटरपेक्षा आधी वेव्हमेकर जोडा. त्याला वीज थोडीच लागते. याच दिवसांत खिडक्या बंद राहतात, घरात माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचा पीएच ७.८ पर्यंत उतरतो. लोक घाबरून बफर घालतात आणि अल्कलिनिटी चढवून बसतात. तुमची अल्कलिनिटी ११ होण्यामागे मिठाबरोबर हेही कारण असू शकेल. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर सोडून पाहा. उन्हाळ्यात मात्र आपल्या हवेचा फायदा होतो: एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर झोत पडेल असे दोन पंखे लावले तर चिलरशिवायही तापमान दोन अंशांनी सहज उतरते. पण त्याबरोबर रोज काही लिटर गोडे पाणी उडून जाते आणि क्षारता चढते, म्हणून आपोआप पाणी भरणारी व्यवस्था हवीच.

काही मंडळी मालवणहून कॅनमध्ये समुद्राचे पाणी आणतात. पावसाळ्यात किनाऱ्याजवळ नद्यांचे गोडे पाणी मिसळलेले असते आणि बंदराजवळ डिझेलही असते, त्यामुळे नव्या प्रवाळांसाठी मी ते वापरत नाही. तिथे स्नॉर्कलिंगला गेल्यावर ‘एक छोटा तुकडा’ उचलून आणण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. खडक तयार करणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. तुमचे हॅमर कठीण प्रवाळांतच मोडते. शिवाय कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे बंधन आहे. त्याची आयातीची कागदपत्रे विक्रेत्याकडून लेखी मागा आणि ती देता येत नसतील तर पुढच्या वेळी त्याच्याकडून कठीण प्रवाळ घेऊ नका. मी स्वतः गेली काही वर्षे नव्या टाक्यांत फक्त लेदर, मश्रूम आणि झोअँथिड बसवतो, आणि जुन्या ग्राहकांच्या टाक्यांत वाढलेल्या प्रवाळांचे तुकडे करूनच नव्या ग्राहकांना देतो. इथल्याच पाण्यात वाढलेला तुकडा तीन दिवसांत उघडतो. परदेशातून आलेल्याला कधी कधी तीन आठवडे लागतात.

राहता राहिले टोडस्टूल. तुमच्या वर्णनावरून ते मरत नाही. लेदर जातीची प्रवाळे जागा बदलली की मिटतात, त्यांच्या पृष्ठभागावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि शैवाल, जिवाणू, धूळ यांसह तो पापुद्रा ती टाकून देतात. यास कधी चार दिवस लागतात, कधी दोन आठवडे. पापुद्रा निघून जाण्यासाठी त्याच्यावर मध्यम, दिशा बदलणारा प्रवाह यायला हवा, म्हणून वेव्हमेकरचा रोख थोडा त्याच्याकडे वळवा. बोटाने पापुद्रा सोलू नका आणि त्याला उचलून जागा बदलू नका. देठ ताठ आहे आणि पाण्याला कुजका वास नाही, तोवर काळजीचे कारण नाही. देठ मऊ पडून काळा डाग दिसू लागला, तर मात्र तो भाग धारदार ब्लेडने निरोगी ऊतीपर्यंत कापून टाका आणि उरलेले डोके एखाद्या दगडावर जाळीचा तुकडा सैल बांधून ठेवा. दहा ते पंधरा दिवसांत ते दगडाला धरते.